गव्हाच्या कोठीत यूव्ही ट्यूब लावून एन-९५ मास्क निर्जंतुक करायचे आहेत, किती वेळ ठेवू?

नंदनवनकर:

नमस्कार मंडळी. सासऱ्यांची केमो सुरू आहे. दर तीन आठवड्यांनी सायकल असते, आणि मधे रक्त तपासायला, डॉक्टरांना दाखवायला म्हणून आठवड्यातून दोन-तीन चकरा होतातच. डॉक्टरांनी बजावलंय की पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना गर्दीत मास्कशिवाय फिरायचं नाही, सोबतच्यांनीही नाही. प्रत्येक चकरेला ते, मी आणि नवरा असे तीन एन-९५. ओपीडीत चार-चार तास बसून घरी आलं की तो मास्क पुन्हा घालावासा वाटत नाही, आणि फेकवतही नाही. महिन्याला पस्तीस-चाळीस मास्क होतात. औषधांच्या बिलात हाही खर्च जाणवतो.

मुलाची दहावी नुकतीच झाली, त्याला अशा कामांचा नाद आहे. आमचा पाण्याचा जुना फिल्टर दोन वर्षांपासून माळ्यावर पडून होता. त्यातली ११ वॅटची यूव्ही ट्यूब आणि चोक त्यानं काढला, गव्हाच्या टिनाच्या कोठीत ट्यूब आडवी बसवली, आतून स्वयंपाकघरातली फॉइल चिकटवली. खाली पिठाची चाळणी पालथी, तिच्यावर मास्क. वायर झाकणाच्या फटीतून बाहेर काढून टू-पिन लावली आहे. ट्यूब लागते, छान निळा उजेड पडतो. काल रात्री दहा मिनिटं ठेवून पाहिले.

आता विचारायचं असं की दहा मिनिटं पुरतात का? मास्क पालथा करून दुसरी बाजू वेगळी धरावी लागते का? आणि चालू आहे की बंद पडली हे बघायला मुलगा झाकण जरासं उचलून आत डोकावतो. उजेड काही प्रखर नाही, घरच्या ट्यूबलाइटपेक्षा मंदच आहे. तरी मनात शंका आली म्हणून विचारते.

संत्रानगरी:

ताई, नागपूरच्या मे महिन्यात ट्यूब कशाला हवी? ४५ अंशांत गच्चीवर दोन तास वाळत टाका. आमच्याकडे पापड, कुरड्या, सांडगे सगळं त्याच उन्हात वाळतं, जंतू काय टिकतात! कापडी मास्क असतील तर साबणानं धुऊन उन्हात, विषय संपला.

फिल्टरवाला_मानेवाडा:

ताई, किती मिनिटं ते मागून पाहू. आधी उठा आणि त्या कोठीचा प्लग काढून या. पोट्ट्याला सांगा, झाकण उचलून पाहायचं नाही. जरासं नाही, एकदाही नाही. आज रात्री त्याच्या डोळ्यांत खुपायला लागलं, पाणी यायला लागलं, उजेड सहन होईना, तं चोळू देऊ नका आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. घाबरू नका, एक-दोन दिवसांत उतरतं. पण हे मी ऐकीव सांगून राहिलो नाही, माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी भोगलं आहे.

मी मानेवाड्याला राहतो. पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायला एकोणीस वर्षं झाली. या ट्यूबा काढणं-लावणं हे माझं रोजचं काम. बायको सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. २०२० च्या एप्रिलमध्ये तिला एन-९५ मोजून मिळायचे. एकच मास्क घालून ड्यूटी, अन् घरी आली की तोच मास्क दाराबाहेर खिळ्याला लटकायचा. घरात आई, दोन लेकरं. मी त्या खिळ्याकडे पाहत बसायचो. दुकान बंद, हाताला काम नाही, अन् समोर कपाटात नव्या यूव्ही ट्यूबांचा डबा. मला वाटलं, देवानं हे काम माझ्याच हाताला ठेवलं आहे.

लग्नातली टिनाची पेटी रिकामी केली. वर एक, खाली एक अशा ८ वॅटच्या दोन ट्यूबा. मधोमध सायकलच्या स्पोकचा आडवा दांडा, त्याला मास्कच्या पट्ट्या अडकवायच्या, म्हणजे दोन्ही बाजू उजेडात. आतून फॉइल. एका दुपारात पेटी तयार झाली.

तुमच्या पोट्ट्यानं केलं तेच मी केलं. लागली की नाही, मास्क सरकला तं नाही, म्हणून झाकण उचलून पाहिलं. दिवसभरात पाच-सहा वेळा असेल, दर वेळी दहा-पंधरा सेकंद. उजेड डोळ्याला लागतच नाही ना, मऊ निळा असतो. त्या दिवशी काहीच झालं नाही. रात्री दोन-अडीचला जाग आली ती डोळ्यांत कोणी बजरी ओतल्यासारखी. पापणी मिटली तरी खुपे, उघडली तरी खुपे. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा उजेडही सहन होईना. हिंगणा एमआयडीसीत माझा साळा वेल्डिंग करतो, त्याला फोन लावला, तो म्हणाला, भाऊजी, तुम्हाला वेल्डिंग लागली. खरंच तसंच असतं ते, बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो. तिसऱ्या दिवशी मी माणसात आलो. बायको ड्यूटी करून यायची अन् माझ्या डोळ्यांत थेंब टाकायची. तिच्यासाठी पेटी केली अन् तिचंच काम वाढवलं.

तो निळा उजेड जो दिसतो ना, तो काम करणारा उजेड नाही. ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेचा जरासा दिसणारा भाग आहे. जंतू मारणारा किरण २५४ नॅनोमीटरचा, तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. म्हणून डोळा मिटावासा वाटत नाही, अन् भाजल्याचं कळतं ते पाच-दहा तासांनी. अन् यातून दुसरीही गोष्ट निघते. निळं दिसलं म्हणजे ट्यूब जोरात आहे असं नाही. जुन्या ट्यूबची काच आतून काळवंडत जाते, दिसणारा निळा तसाच राहतो, न दिसणारा किरण उतरत जातो. फिल्टरची ट्यूब पेटत असूनही आम्ही बदलायला सांगतो ते याच्याचसाठी. लोकांना वाटतं मेकॅनिक पैसे काढून राहिला. तुमची ट्यूब किती वर्षं चालली हे तुम्हाला ठाऊक नाही, मग दहा मिनिटं पुरतील की शंभर, कसं सांगायचं?

अन् तो टू-पिन. टिनाची कोठी, आत २३० व्होल्टचा चोक, वायर पत्र्याच्या धारेवरून बाहेर, अन् अर्थिंग नाही. इन्सुलेशन त्या धारेला घासून कापलं की आख्खी कोठी जिवंत. हात लावणारा तुमचा मुलगा. ताई, याच्यासाठी रागावतो आहे असं समजा, पण प्लग काढा.

बाकीचं रात्री लिहितो, एका ठिकाणी मोटर बसवायला जायचं आहे.

फिजिक्स_धरमपेठ:

फिल्टरवाले भाऊ म्हणतात ते शब्दशः खरं आहे. मी बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे आकडे मांडते.

या ट्यूबला जाणाऱ्या विजेपैकी साधारण तिसरा हिस्सा यूव्ही-सी, म्हणजे भाऊ म्हणतात तो जंतू मारणारा किरण, होऊन बाहेर पडतो. म्हणजे ११ वॅटची ट्यूब नवी असताना तीन-साडेतीन वॅट. ट्यूबपासून १५ सेंटीमीटरवर, अगदी समोर धरलेल्या जागेवर, दर चौरस सेंटीमीटरला अंदाजे १ मिलिवॅट पडतो. एन-९५ वर जे अभ्यास झाले त्यांत बहुतेक ठिकाणी दर चौरस सेंटीमीटरला १ जूल ही मात्रा धरली आहे. १ जूल म्हणजे १००० मिलिजूल, त्यामुळे १००० सेकंद, सुमारे १७ मिनिटं. पण हे मास्कचा जो भाग ट्यूबकडे सरळ तोंड करून आहे त्याचं गणित झालं. मास्क फुगीर असतो. त्याचा उतरता भाग ६० अंशांनी कललेला असेल तर तिथे निम्माच किरण पडतो, वेळ दुप्पट. नाकाच्या पट्टीजवळची घडी, पट्टी जिथे टाचली आहे तिथला मागचा भाग, चाळणीला टेकलेली अख्खी खालची बाजू, तिथे जवळजवळ शून्य. शून्याला कितीही मिनिटांनी गुणा.

आता हेच गणित डोळ्यासाठी. २५४ नॅनोमीटरच्या किरणाची आठ तासांच्या दिवसातली सुरक्षित मर्यादा आहे दर चौरस सेंटीमीटरला ६ मिलिजूल. १५ सेंटीमीटरवरून ती सहा सेकंदांत संपते. अर्धा मीटर दूर राहून पाहिलं तरी मिनिटाच्या आत. त्वचेलाही हाच हिशोब लागू आहे, म्हणून २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं की यूव्ही दिव्यानं हात किंवा अंग निर्जंतुक करू नका.

संत्रानगरी, उन्हाबद्दल. सूर्याच्या प्रकाशातला यूव्ही-सी ओझोनचा थर वरच अडवतो, गच्चीपर्यंत तो येतच नाही. येतो तो यूव्ही-ए आणि थोडा यूव्ही-बी. त्यानं जंतू मरतात, पण सावकाश, आणि मास्कच्या आतल्या थरांपर्यंत तो पोचत नाही. कापडी मास्कला तुमचा उपाय उत्तम. एन-९५ चं प्रकरण वेगळं आहे. त्याचा मधला थर पॉलिप्रॉपिलीनच्या अतिशय बारीक तंतूंचा असतो आणि त्या तंतूंना कायमचा विद्युतभार दिलेला असतो. कंगवा केसांत फिरवून कागदाचे कपटे उचलतो तसा तो भार बारीक कण ओढून धरतो. साबणाचं पाणी किंवा अल्कोहोल लागलं की हा भार जातो. मास्क दिसायला तसाच राहतो, गाळण्याची ताकद गेलेली असते. उन्हाचं म्हणाल तर गच्चीवरच्या दोरीला लावलेले प्लास्टिकचे चिमटे दोन उन्हाळ्यांत हातात मोडतात ना, ते बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचेच असतात.

यूव्हीनं जंतू मरतात यात मात्र शंका नको. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार केला म्हणून नील्स फिन्सेन यांना १९०३ चं नोबेल मिळालं होतं. वर्गात सांगितलं की मुलं चमकतात. ताई, तुमच्या मुलानं जे जोडलं त्यामागचं विज्ञान बरोबर आहे. मोजमापाविना ते घरात वापरणं बरोबर नाही, एवढंच.

नंदनवनकर:

प्लग काढला. ट्यूबही काढून जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर ठेवली. मुलाच्या डोळ्यांना रात्री काही झालं नाही, सकाळी थोडे लाल होते, आत्ता बरे आहेत. दवाखान्यात दाखवून आणलं, डॉक्टरांनी थेंब दिलेत. मी त्याच्यावर ओरडले आणि मग मलाच वाईट वाटलं, कारण आजोबांसाठीच करत होता तो.

एक विचारू का? मग ऑनलाइन जे तयार डबे मिळतात, जांभळ्या उजेडाचे, तीन मिनिटांत निर्जंतुक असं लिहिलेले, ते घेतले तर? आणि भाऊ, तुमच्या पेटीचं पुढे काय झालं?

फिल्टरवाला_मानेवाडा:

पोट्ट्याला रागावू नका. डोळे वाचले, खूप झालं.

ते जांभळे डबे माझ्याकडे दुरुस्तीला आलेले आहेत. दोन उघडून पाहिले. आत जांभळे एलईडी. खोटी नोट पाहायच्या मशिनीत जो उजेड असतो त्याच्या जातीचा, ३६५ ते ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा. त्यानं पांढरा कागद चमकतो, जंतू मारायचं काम तो करत नाही. खऱ्या यूव्ही-सी चे एलईडी असतात, पण ते महाग अन् ताकदीनं लहान. तीन मिनिटांत मास्कची मात्रा त्यातून निघत नाही. कंपनीचं नाव घेत नाही. अन् कोणी म्हणालं की मी काचेच्या ट्रेवर मास्क ठेवून खालून ट्यूब लावतो, तं त्यालाही सांगा की साध्या काचेतून २५४ चा किरण पार होत नाही. म्हणूनच या ट्यूबांची काच वेगळी असते.

आता माझी पेटी. डोळे बरे झाले तरी मी सोडलं नाही. आधी झाकणाचं पाहिलं. फ्रिजच्या दाराचा स्विच लावून पाहिला, तं तो उलटा, दार उघडलं की लागतो. मग इतवारीत भंगारातून जुन्या मायक्रोवेव्हच्या दाराचा स्विच आणला. झाकण केसभर उचललं की ट्यूबा बंद. थ्री-पिन लावली, पेटीला अर्थिंग दिलं. चालू असल्याचं दाखवायला बाहेर एक छोटा इंडिकेटर. तेव्हा कुठे जीव थंड झाला.

पण किरण किती पडून राहिला हे कसं कळावं? २५४ मोजायचा मीटर माझ्या ऐपतीबाहेर होता. स्वस्तातले मीटर यूव्ही-ए मोजतात, ते इथं कामाचे नाहीत. मग मी केळं घेतलं. हसू नका. पिवळंजर्द, डाग नसलेलं केळं. मधे फॉइलचा दोन बोटं रुंद पट्टा गुंडाळला अन् दांड्याला टांगलं. वीस मिनिटं. बाहेर काढलं तेव्हा तसंच होतं. सकाळी उठून पाहिलं तं दोन्ही टोकं चॉकलेटी झालेली, अन् पट्टा सोडवला तं त्याखाली जसंच्या तसं पिवळं, रेघ मारल्यासारखं. आई म्हणाली, केळ्याला पट्टा बांधला काय. मला आनंद झाला, किरण आहे म्हणून. मग केळं फिरवून पाहिलं. एका अंगाला, जिथे ते दांड्याला टेकलं होतं अन् दोन्ही ट्यूबांच्या मधल्या आडोशाला होतं, तिथे लांबच लांब पिवळी पट्टी राहिलेली. म्हणजे दोन ट्यूबा, फॉइल, टांगलेलं, सगळं करूनही सावली होतीच. केळं तं गुळगुळीत असतं ताई. मास्कला घड्या असतात.

त्या वेळी माझी चूक काय झाली सांगतो. सावली दिसली तं मी वेळ वाढवला. वीसची चाळीस, चाळीसची साठ मिनिटं. रोज रात्री एक तास. जास्त ते चांगलं असं डोक्यात. बायको म्हणायची, अहो, पट्टी चिकट लागून राहिली हाताला. मी म्हणायचो, घामानं असेल.

जून महिना होता. ती वॉर्डात होती, एका आजोबांचा ऑक्सिजनचा मास्क सरकला होता तो नीट करायला वाकली, अन् तिच्या एन-९५ ची वरची पट्टी तुटली. मास्क गालावरून घसरला. समोर एक हात आजोबांच्या तोंडाजवळ. तिनं दुसऱ्या हातानं स्वतःचा मास्क दाबून धरला, अन् एका हातानं त्यांचा ऑक्सिजन नीट करून मगच बाहेर आली. घरी येऊन तिनं ती पट्टी माझ्या हातावर ठेवली. काही बोलली नाही. रबर पिवळट पडलेलं, ओढलं की तांदळाच्या शेवयीसारखं तुटे. रोज ताणून ढिलं झालेलं, त्यात रोज तासभर तो किरण. मी पट्टी जपण्याचा विचारच केला नव्हता. माझं सगळं लक्ष जंतूंवर.

तिला काही झालं नाही. पुढचे चौदा दिवस मी रोज रात्री तिचा श्वास मोजत झोपायचो, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

त्याच आठवड्यात मी ट्यूबा काढल्या. नंतर वाचलं, अमेरिकेत नेब्रास्काच्या वैद्यकीय केंद्रानं हेच काम २०२० च्या मार्चमध्ये कसं केलं ते. आख्खी खोली, दोन्ही अंगांना ट्यूबांचे टॉवर, मधे तारेवर मास्क टांगलेले, भिंतींना किरण परतवणारा लेप, मात्रा मोजायला मीटर, प्रत्येक मास्कवर घालणाऱ्याचं नाव, अन् तो त्यालाच वापस. ते वाचून समजलं की माझ्या पेटीत काय काय नव्हतं.

फिजिक्स_धरमपेठ:

भाऊ, तुमच्या केळ्याचा प्रयोग मी वर्गात सांगणार आहे. तुमच्या पेटीचा हिशोब बघा. तासाला साडेतीन जूलच्या आसपास, असं चाळीस रात्री, म्हणजे १४० जूल. मास्कला एका वेळी हवा होता १ जूल.

सावलीबद्दल तुमच्या निरीक्षणाला आधार आहे. एन-९५ च्या पंधरा मॉडेल्सवर इन्फ्लुएंझाचा विषाणू लावून, १ जूल यूव्ही-सी देऊन प्रयोगशाळेत तपासलं होतं. मास्कच्या तोंडावरच्या भागात पंधरापैकी बारा मॉडेल्समध्ये विषाणू हजारपटीनं किंवा त्याहून जास्त घटला. पट्ट्यांवर मात्र पंधरापैकी सातच मॉडेल्समध्ये. मोजून-मापून केलेल्या प्रयोगात ही स्थिती, आणि पट्टी हीच जागा आपण काढताना हातात धरतो.

अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं, २०२० मध्ये मास्क निर्जंतुक करायच्या यंत्रांना तातडीची परवानगी दिली होती. मास्क पुरेसे मिळू लागल्यावर २०२१ च्या जूनअखेर ती काढून घेतली. म्हणजे टंचाईत नाइलाज म्हणून केलेली गोष्ट होती ती. आज मास्क मेडिकलमध्ये मिळतो, तेव्हा त्या नाइलाजाची गरज नाही.

नंदनवनकर:

भाऊ, ते पट्टीचं वाचून मी थांबलेच. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

मग आता करू काय? प्रत्येक वेळी नवा हेच उत्तर असेल तर तसं सांगा, कुठून तरी भागवू.

फिल्टरवाला_मानेवाडा:

नमस्कार सांगितला. ती शेजारीच बसली आहे, आता ती सांगून राहिली अन् मी टाइप करतो आहे.

ती म्हणते, रुग्णाला दर वेळी नवा. सासऱ्यांच्या मास्कमध्ये काटकसर नको, त्यांच्या पेशी कमी आहेत. तुम्ही दोघांनी मात्र फिरवून वापरायचे. पाच मास्क तुमचे, पाच नवऱ्याचे. किराण्याच्या कागदी पिशव्या घ्या, प्लास्टिकच्या नको, कारण आत ओल राहते. पिशवीवर नाव अन् १ ते ५ आकडे. पहिल्या चकरेला एक नंबर, घरी आल्यावर तो पिशवीत, पिशवी हवेशीर जागी खिळ्याला. पुढच्या चकरेला दोन नंबर. असं करत वापस एकवर यायला तुम्हाला बारा-पंधरा दिवस लागतात. अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं, टंचाईच्या दिवसांत मधे किमान पाच दिवस ठेवायला सांगितलं होतं. तेवढ्यात मास्कवरचा कोरोनाचा विषाणू बहुतांश आपोआप मरतो, वीज नको, ट्यूब नको. एक मास्क पाच वेळा घातला की फेकायचा, हेही त्यांचंच.

आमच्या घरी त्या पेटीनंतर हेच केलं. तिच्या सहा ड्यूट्या, सहा पिशव्या, वारांची नावं, बैठकीबाहेरच्या भिंतीत सहा खिळे. खिळे मीच ठोकले.

पैशाचा हिशोब मी करतो. दोघांचे मिळून दहा मास्क, प्रत्येक पाच वेळा, म्हणजे पंचवीस चकरा, दोन महिने. सासऱ्यांचे महिन्याला बारा नवे. महिन्याला चाळीस लागायचे तिथे सतरा.

अन् ती म्हणते काढण्या-घालण्याचं नीट लिहा. काढताना समोरून धरायचं नाही, मागच्या पट्टीला धरून काढायचं, आधी खालची, मग वरची. मग हात धुवायचे. घालताना आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. घातल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात फुंकायचं, नाकाजवळून किंवा गालाजवळून वारा लागला तं बसला नाही. रोज पट्टी ओढून पाहायची, ढिली वाटली, मास्क घामानं भिजला, आत क्रीम-पावडर लागली, कोणी समोर खोकून थेंब उडाले, तं पाच वेळा झाले नसले तरी फेकायचा. गर्दीत शेजारी कोणी सतत खोकत असेल तं जागा बदलायची, ते मास्कहून मोठं काम आहे. सकाळी पहिल्या नंबरला जाता आलं तं ओपीडीत बसणंच कमी होतं, हेही तिचंच.

ट्यूबचं मी सांगतो. कपाटावर साडीत नको, पडून फुटली तं आत पारा असतो. थोडासाच असतो, पण घरात केमोचा पेशंट आहे. खोक्यात घालून, वर नाव लिहून ठेवा. मी महिन्यातून दोनदा नंदनवनला येतो, माझ्या जुन्या ट्यूबांसोबत घेऊन जाईन, त्या मी वेगळ्या जमा करतो. कधी फुटलीच तं खिडक्या उघडा, पंधरा-वीस मिनिटं खोलीबाहेर थांबा, झाडू मारू नका, जाड पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करा अन् चिकटपट्टीनं बारीक कण टिपा.

संत्रानगरी:

माझ्याकडून चुकीचा सल्ला गेला, माफ करा ताई. आमच्या घरी एन-९५ धुऊन वापरणं चालू होतं. आत्ताच आईला सांगून थांबवलं.

नंदनवनकर:

सासरे महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालेत, अक्षर मोत्यासारखं. दहा पिशव्यांवर त्यांनीच नावं आणि आकडे लिहिले, हात थरथरतो तरी. दोन तास लागले, पण दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक पिशवीवर खाली पाच छोटे चौकोन आखलेत, एकदा घातला की एक चौकोन भरायचा. हे त्यांच्याच डोक्यातून आलं.

खिळे मुलानं ठोकले, गॅलरीत, पावसाचं पाणी येणार नाही अशा बाजूला. ट्यूब खोक्यात घालून ठेवली आहे भाऊ, तुम्ही आलात की घेऊन जा, आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. कोठीतली फॉइल काढून, धुऊन तिच्यात परत गहू भरले. मुलगा विचारतोय की चोक आणि मायक्रोवेव्हचा तो स्विच कसा जोडला होता ते त्याला कागदावर काढून दाखवाल का. वापरायला नाही म्हणतो, समजून घ्यायला.

फिल्टरवाला_मानेवाडा:

दाखवतो ना. गुरुवारी अकराच्या सुमारास येतो. वही तयार ठेवायला सांगा. स्विच पेटीतच आहे अजून, तोच सोबत आणतो.